बोलीतला युक्तिवाद : ‘स्वदेशी’ समूहाच्या रॅपरचनेचा विचार

१

रॅप या प्रकाराला मराठीत प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची झाली की एक युक्तिवाद हमखास केला जातो. रॅप म्हणजे आपला पोवाडाच. शाहिराच्या हातात डफ होता, रॅपरच्या हातात ध्वनिक्षेपक आहे, एवढाच काय तो फरक. या युक्तिवादामागील हेतू चांगला असला, तरी समीक्षेच्या दृष्टीने तो आळशी आहे. अपरिचित रचनेला परिचित कुळात दत्तक घेतले की तिच्या वेगळेपणाचा विचार करण्याची जबाबदारी टळते. पोवाडा हा मूलतः कथनपर प्रकार आहे. घडून गेलेल्या पराक्रमाचे निवेदन, त्या पराक्रमाचा नायक, झीलकऱ्यांची साथ आणि समोर बसलेली सभा ही त्याची अंगे होत. शाहीर स्वतःविषयी क्वचितच बोलतो. बोललाच तर अखेरीस आपले नाव गुंफतो. रॅपचा प्रारंभच ‘मी’पासून होतो. तो वर्तमानकाळात बोलतो, बोलणारा कोण आणि कोठला हे प्रथम सांगतो, आणि ते सांगणे हाच त्याच्या आशयाचा मोठा भाग असतो.

शाहिरीचे नाते सर्वस्वी नाकारावे असे मात्र नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकापासून विलास घोगरे, संभाजी भगत आणि पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत मुंबई-पुण्याच्या कामगार व दलित वस्त्यांत गाण्यातून राजकीय विचार मांडण्याची सलग परंपरा आहे. या वस्त्यांत वाढलेल्या रॅपरच्या कानावरून ती गेली नसेल, असे म्हणता येणार नाही. पण कानावरून जाणे आणि घडणीत उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुंबईतील ‘स्वदेशी’ या समूहाच्या रचना पाहिल्या असता असे दिसते, की त्यांचे खरे महत्त्व पोवाड्याच्या पुनरुज्जीवनात नाही. ते बोलीच्या स्थानात त्यांनी घडवून आणलेल्या पालटात आहे. मराठी साहित्याने बोलीला बहुधा रंग म्हणून वापरले. या रचनांत ती युक्तिवादाची भाषा होते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या पालटावर, आणि त्यातून उद्भवणाऱ्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर आहे.

२

हिपहॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात कूल हर्क याने वाजविलेल्या तबकड्यांच्या मेळाव्यापासून मानला जातो. इंग्रजीबाहेर पडताना या प्रकाराला प्रत्येक भाषेत एकच शंका विचारली गेली : आमच्या भाषेला हे झेपेल काय? फ्रेंचमध्ये एमसी सोलारच्या १९९१ च्या पहिल्या संग्रहाने आणि चेकमध्ये ‘खाओस’ या प्राग येथील गटाच्या १९९६ च्या संग्रहाने ही शंका आपापल्या परीने निकालात काढली. भारतात १९९२ साली बाबा सहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने रॅप घरोघर पोहोचविला, पण तो करमणुकीचा एक नवा नमुना म्हणून. मुंबईच्या गल्लीतील माणूस स्वतःच्या गल्लीविषयी बोलू लागला तो २०१३-१४ च्या सुमारास, डिव्हाइन आणि नेझी यांच्या रचनांतून. त्यांची भाषा बंबइया हिंदी होती. ‘स्वदेशी’ समूहही याच काळात आकाराला आला. एमसी मवाली, एमसी तोडफोड, १००आरबीएच, महार्य हे शब्दकार आणि बॅमबॉय, राक्षस हे ध्वनिरचनाकार अशी त्याची सर्वसाधारण घडण होती. मराठी, गुजराती आणि हिंदी या भाषा त्यात एकत्र नांदत होत्या.

या टोपणनावांकडे समीक्षेने दुर्लक्ष करू नये. रॅपमध्ये टोपणनाव ही पहिली रचना असते. मवाली, तोडफोड, राक्षस हे शब्द पंचनाम्यातले आणि वर्तमानपत्री बातमीतले आहेत. सभ्य समाज वस्तीतल्या पोरांचे वर्णन ज्या शब्दांनी करतो तेच शब्द येथे स्वतःचे नाव म्हणून धारण केलेले आहेत. शिवी उलटवून तिचे बिरूद करण्याची ही रीत दलित साहित्याच्या वाचकाला नवी नाही. ‘१००आरबीएच’ हे नाव अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यातील आकडा हिंदीत ‘सौ’ असा वाचावा आणि पुढील रोमन अक्षरे त्याला जोडावीत, म्हणजे ‘सौरभ’ हे नाव तयार होते. अमरावतीच्या या मराठी रॅपरचे नाव मराठीत, म्हणजे ‘शंभर’ असे, वाचले तर ते नाव राहतच नाही. एका तत्सम नावात हिंदी उच्चार आणि रोमन लिपी अशा रीतीने शिरल्या आहेत, आणि त्याची कोणतीही खंत त्या नावाला वाटत नाही.

समूहाच्या नावात मात्र एक उघड विसंगती आहे. ‘स्वदेशी’ हा शब्द १९०५ नंतरच्या आंदोलनाचा, टिळकांच्या चतुःसूत्रीतला. तो ब्राँक्समध्ये जन्मलेल्या प्रकारावर लावणे म्हणजे विलायती कापडावर खादीचा शिक्का मारणे होय, असा आक्षेप सहज घेता येईल. ‘टीकास्वयंवर’मधील (१९९०) भालचंद्र नेमाडे यांची देशीयतेची मांडणी प्रमाण मानली तर हा आक्षेप बळकटही होतो. परंतु देशीयतेचा प्रश्न प्रकाराच्या उगमापाशी सुटत नाही. मराठी कादंबरी आणि मराठी गझल हे प्रकार बाहेरूनच आले. प्रकार कोणत्या भूमीवरील कोणते भांडण बोलून दाखवतो, यावर त्याचे देशीपण ठरते. त्या अर्थाने नावातील विसंगती ही समूहाची चूक ठरत नाही. ती त्याने जाणूनबुजून पत्करलेली अट आहे. येथून पुढे प्रत्येक रचनेला आपले देशीपण आशयाने सिद्ध करावे लागते.

३

मराठी कथात्म साहित्यात बोलीचे स्थान दीर्घकाळ संवादापुरते राहिले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोली असामान्य ताकदीने आली, पण पात्रांच्या तोंडी, निवेदकाची भाषा प्रमाण मराठीच राहिली. ही विभागणी वरवर तांत्रिक दिसते, परंतु तिच्यात एक मूल्यव्यवस्था दडलेली असते. पात्राने बोलीत सोसावे, रडावे, शिव्या द्याव्या. त्याच्या सोसण्याचा अर्थ लावावा तो प्रमाणभाषेतल्या निवेदकाने. कवितेत अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत खानदेशातील लेवा बोली जीवनाचा अर्थ सांगते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मध्ये (१९७२) कामाठीपुऱ्याची भाषा विश्लेषणाचे हत्यार होते. तथापि हे अपवाद व्यक्तींच्या प्रतिभेने घडले. त्यांनी बोलीला विचाराची नित्याची भाषा म्हणून रूढ केले, असे म्हणता येत नाही.

ध्वनिमुद्रित गीतांच्या क्षेत्रात याहून वेगळी आणि अधिक बोधप्रद गोष्ट घडली. तिच्यासाठी मुंबई बंदराच्या पलीकडचा किनारा पाहावा लागेल. पनवेलच्या पुढे उरण तालुक्यात, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा हे मासेमारीचे गाव आहे. तेथून खाडी ओलांडून रेवसला तर जाते. करंजा, मोरा, जसई या परिसरातील आगरी-कोळी बोली ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटींच्या काळात कोळीगीतांच्या निमित्ताने महाराष्ट्रभर ऐकली गेली. लग्नाच्या वरातीत आणि शाळेच्या संमेलनात ती नाचली गेली. बोलीला मिळालेली ही कीर्ती लहान नव्हे. पण कोणती बोली कीर्तीला पात्र ठरली, हे पाहण्यासारखे आहे. होडी, दर्या, पारू, देवीची जत्रा आणि हळद एवढे विषय बाजाराने उचलले. ज्या काळात या कॅसेटी खपत होत्या त्याच काळात नवी मुंबईच्या उभारणीसाठी याच किनाऱ्यावरील शेती आणि मिठागरे संपादित होत होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जसई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्याची स्वतःची गाणी आणि घोषणा होत्या, परंतु ‘कोळीगीत’ या नावाने महाराष्ट्राच्या मनात जे चित्र ठसले त्यात त्यांना जागा मिळाली नाही. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण विधीची अधिकारी असते; तिच्या शब्दाशिवाय विधी पुढे सरकत नाही. कॅसेटीने तिची चाल घेतली, तिचा अधिकार घेतला नाही. बोली कानाला गोड लागली. तिने काही मागावे अशी अपेक्षा कोणी केली नाही.

‘स्वदेशी’च्या रचनांतील बोली या पार्श्वभूमीवर ऐकली पाहिजे. मवालीची मुंबईची मराठी आणि १००आरबीएचची वऱ्हाडी यांना कोणी निवेदक नाही. त्यांच्या वर बसून अर्थ लावणारी दुसरी भाषा रचनेत नाही. भ्रष्टाचार, जात, शहरातील विस्थापन, विकास या शब्दाचा गैरवापर या गोष्टींविषयी जे काही म्हणावयाचे ते याच भाषेत म्हटले जाते. कारण, परिणाम, आरोप आणि प्रतिप्रश्न हे सारे तिच्यातच उभे राहते. ‘क्रांती हवी’ (२०२०) या रचनेचे नुसते शीर्षक घेतले तरी हे ध्यानात येते. त्यात वर्णन नाही, मागणी आहे. गुजराती कडवे मराठी कडव्याशेजारी येते तेव्हा त्याचा अनुवाद दिला जात नाही. ऐकणाऱ्याने आपल्या शेजाऱ्याची भाषा तेवढी समजून घ्यावी, हे गृहीत धरले जाते. १९६० च्या भाषिक लढ्यानंतर मुंबईत मराठी आणि गुजराती यांचा संबंध ज्या संशयाने पाहिला गेला तो लक्षात घेता, हे गृहीत धरणे हीच एक राजकीय कृती ठरते.

४

बोलीचा हा पालट केवळ आशयाच्या पातळीवर राहिला असता तर तो निबंधातही साधला असता. रॅपमध्ये तो छंदाच्या पातळीवर घडतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याचा विचार करताना आवर्तनी जातींना जे महत्त्व दिले ते येथे उपयोगी पडते. आठ मात्रांचे पद्मावर्तन मराठी कानात मुरलेले आहे. रॅपचे माप चार ठोक्यांचे असते, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग पाडले की सोळा मात्रा, म्हणजे दोन पद्मावर्तने, हाती येतात. मराठीला रॅप झेपेल काय, या शंकेचे उत्तर या हिशेबातच आहे.

फरक पडतो तो उच्चारात. ओवी किंवा लावणी गाताना शब्दाच्या अखेरचा ‘अ’ सुरासाठी लांबवला जातो. बोलताना तो लोपतो आणि शब्द व्यंजनावर थांबतो. ‘घर’ किंवा ‘हात’ हे शब्द गाण्यात मोकळे राहतात, बोलण्यात बंद होतात. रॅप बोलण्याचा उच्चार कायम ठेवतो. त्यामुळे मराठीतील ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण ठोक्यावर आदळू लागतात आणि भाषेतील तालवाद्य ऐकू येते. वऱ्हाडीत ‘मला, तुला’ यांच्या जागी ‘मले, तुले’ येते, आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. प्रमाण मराठीत जी यमके जुळत नाहीत ती येथे जुळतात, जी जुळतात ती मोडतात. म्हणजे बोली ही यमकाच्या निवडीपासूनच रचनेची दिशा ठरवते. प्रमाणभाषेत आधी लिहून मग बोलीत उतरवलेले कडवे म्हणूनच चटकन ओळखू येते. त्याची यमके घरची नसतात.

मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात या समूहातील रॅपरनी कर्नाटक संगीतातील लयतत्त्वांचे शिक्षण घेतले. कोन्नक्कोलमध्ये मृदंगाचे बोल तोंडाने म्हटले जातात, आणि चाराच्या मापात तीन, पाच, सात अशी विषम विभागणी करून पुन्हा समेवर येण्याची कसरत केली जाते. अर्थहीन अक्षरांचे हे शास्त्र अर्थवान शब्दांना लावल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली. वाक्य ठोक्याशी इमानाने बांधून ठेवण्याची गरज उरली नाही. ते ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळू शकले. युक्तिवादाला अशी लवचीकता लागते. प्रत्येक ओळ चौथ्या ठोक्यावर यमकाने बंद झाली तर केवळ घोषणा हाती येते. विचाराला ओळ ओलांडून जावे लागते. मुक्तछंदाने मराठी कवितेला जे स्वातंत्र्य दिले ते ठेका न सोडता मिळवण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

५

२०१९ हे वर्ष या समूहाच्या वाटचालीत निर्णायक ठरले. फेब्रुवारीत झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. त्यातील ‘इंडिया ९१’ या गाण्यात राजगोपालन यांच्यासह ‘स्वदेशी’तील कलावंत होते. त्याच वर्षी समूहाने प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ ही रचना प्रसिद्ध केली. एकाच वर्षातील या दोन रचना शेजारी ठेवून पाहिल्या असता बहुभाषिकतेचे दोन निराळे उपयोग दिसतात. चित्रपटगीताच्या शीर्षकात देशाचा दूरध्वनी-संकेतांक आहे. त्यात भाषा एकामागून एक येतात, थोडा वेळ झळकतात आणि पुढच्या भाषेला वाट देतात. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनातील चित्ररथांची आठवण व्हावी अशी ही मांडणी आहे. प्रत्येक भाषा स्वतःचे अस्तित्व सिद्ध करते, परंतु तिला कोणाशी भांडावयाचे नसते. ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये भाषांना एक जागा आहे, आणि त्या जागेवर संकट आहे. ती जागा म्हणजे गोरेगावची आरे वसाहत. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तिची निवड झाली होती आणि तेथील पाड्यांत वारली कुटुंबे राहत होती. भोईर हे त्याच पाड्यांपैकी एकातले रहिवासी आणि कार्यकर्ते.

शीर्षकाला आणखी एक पदर आहे. वारल्यांचा उठाव म्हटले की मराठी वाचकाला १९४५ चे तलासरी-डहाणू आठवते. वेठबिगारीविरुद्धचे ते आंदोलन, १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेला गोळीबार, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पडलेले पाच जण, आणि या साऱ्याचे गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये (१९७०) केलेले कथन. परुळेकरांचे पुस्तक हा मराठी गद्याचा ठेवा आहे, आणि आपण बाहेरून आलो आहोत याचे प्रामाणिक भान त्यात आहे. तरीही त्यात वारली बोलतात ते लेखिकेच्या कथनातून. मध्यस्थ कितीही सहृदय असला तरी ध्वनी त्याचा असतो. रॅपच्या ध्वनिमुद्रणात ही अट तांत्रिकदृष्ट्याच शिथिल होते : भोईर यांचा आवाज तेथे प्रत्यक्ष आहे, त्याचे कथन करावे लागत नाही. रॅपरांची कडवी त्या आवाजाशेजारी उभी राहतात. ज्या प्रकाराची सारी प्रतिज्ञा ‘मी येथला, मी बोलणार’ ही आहे, त्यातील रॅपर ‘येथला’ हा मान दुसऱ्याला देतो. समूहाच्या साऱ्या कामातील हा सर्वांत प्रौढ क्षण होय.

तथापि प्रश्न संपत नाही. रचनेच्या नामावळीत भोईर पाहुणे आहेत, समूह यजमान आहे; जमिनीवर मात्र नेमके उलट आहे. ऐकणारा वर्ग बहुतांशी शहरी, तरुण आणि इंग्रजी शीर्षकाला सरावलेला. वारली या शब्दाला त्याच्या मनात भिंतीवरील चित्रांचे जे सुबक स्थान आहे, तेथेच हा उठावही टांगला जाण्याचा धोका उरतो. करंजाच्या किनाऱ्यावरील गीतांचे जे झाले, ते येथे होणार नाही याची हमी कोणतीही रचना एकटी देऊ शकत नाही. एवढेच म्हणता येते, की कोळीगीतातून बाजाराला भांडण वगळता आले. या रचनेतून ते वगळले तर रचनाच शिल्लक राहत नाही, कारण तिची बांधणी भांडणावर उभी आहे.

पुढील घटना सर्वपरिचित आहेत. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये तो फिरवण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला. म्हणजे व्यवहारात रचना हरली. प्रचारसाहित्याची एक जुनी कसोटी परिणामाची आहे. ती लावली तर येथे विवेचन थांबवावे लागेल. पण तलवाड्याच्या गोळीबाराचा अर्थही त्या दिवसाच्या जयापजयाने ठरला नव्हता. ‘विकास’ या शब्दाचा एकच अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या रचनेने त्या पाड्याच्या आवाजात नोंदवला. ती नोंद कारशेड उभी राहिल्याने पुसली जात नाही.

६

२०२० मध्ये समूहाचा ‘चेतावनी’ हा संग्रह आला. हिंदीत या शब्दाचा अर्थ इशारा. मराठी कानाला त्यात ‘चेतवणे’ ऐकू येते. दोन भाषांच्या सीमेवरचा हा शब्द समूहाच्या साऱ्या भूमिकेला शोभणारा आहे. मार्च २०२२ मध्ये एमसी तोडफोड ऊर्फ धर्मेश परमार याचे वयाच्या चोविसाव्या वर्षी निधन झाले. त्याचा ‘ट्रुथ अँड बास’ हा पहिला स्वतंत्र संग्रह त्याच महिन्यात प्रसिद्ध झाला होता. समूहातील गुजराती आवाज त्याच्यासह गेला. कवी गेला तर त्याची संहिता उरते आणि दुसरा कोणी ती वाचू शकतो. रॅपमध्ये संहिता आणि आवाज वेगळे करता येत नाहीत. त्याचे कडवे दुसऱ्याने म्हटले तर ते अवतरण होते, वाचन होत नाही.

मराठी समीक्षेपुढील काम येथून सुरू होते. छापील संहितेवर पोसलेली तिची साधने या रचनांना अपुरी पडतात. लोकसाहित्याची साधने त्यांना अनामिक आणि परंपरागत ठरवू पाहतात, आणि त्या तर नावानिशी, दिनांकासह आणि भांडत उभ्या आहेत. उच्चार, यमक, ठोका, आवाजाचे स्वामित्व आणि श्रोत्याची भाषा यांचा एकत्र विचार करणारी पद्धत घडवावी लागेल. ती घडेपर्यंत रॅपला पोवाडा म्हणण्याची सोय उपलब्ध राहील. परंतु त्या सोयीने ‘मले’ आणि ‘मला’ यांच्यामधील अंतर मोजता येणार नाही, आणि या रचनांतील सारा वाद त्या अंतरातच आहे.